आल्विन लस्टिग: दिसेनासं झाल्यावर केलेली मुखपृष्ठं आणि रोचेस्टरमधली खोकी

शाईचे_डाग
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लेकीकडे रोचेस्टरला येऊन दोन महिने झाले, बाहेर गुडघाभर बर्फ, ती सकाळी कॉलेजात जाते ती रात्रीच उगवते, आणि मी एकटी किती पोळ्या लाटणार नि कोणासाठी. तिच्याच कॉलेजात म्हणजे आरआयटीत (रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) जुन्या ग्राफिक डिझायनरांची कागदपत्रं जपून ठेवलीयत असं कळलं. लेस्टर बील, विल बर्टिन, सीपी पिनेलेस अशी मोठमोठी नावं. ईमेल टाकून वेळ घेतली नि गेले. पेन आत नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल, पर्स बाहेर लॉकरमध्ये.

माझी ओळख नव्या लोकांसाठी: मुंबईत एका जाहिरात एजन्सीच्या स्टुडिओत मी फिनिशिंग आर्टिस्ट होते, १९८४ साली लागले. म्हणजे डोकं दुसऱ्याचं, हात माझे. ब्रोमाइड (फोटोच्या कागदावर काढलेला मजकूर) कापा, रबर सोल्यूशननं चिकटवा, वर ट्रेसिंग पेपर लावून रंगांच्या सूचना लिहा, कट मार्क मारा, आणि एक ओळ अर्धा पॉइंट तिरकी लागली की आर्ट डायरेक्टरच्या शिव्या खा. पहिली आठ-नऊ वर्षं सगळं असं हातानं, मग कॉम्प्युटर आले.

तर तिथे कागदपत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं कोणाचं खोकं काढू, मी म्हटलं लस्टिग. का, तर लेकीनं सांगितलेलं की हा माणूस शेवटी आंधळा झाला आणि तरी काम करत राहिला. मला वाटलं बघू तरी, हात कोणाचे होते.

आल्विन लस्टिग, जन्म १९१५ डेन्व्हरचा, वाढला लॉस एंजेलिसमध्ये, गेला १९५५ च्या डिसेंबरात. चाळीस वर्षं फक्त. मधुमेह लहान वयातच लागलेला. पोरवयात जादूचे प्रयोग करायचा आणि त्याची पोस्टरं स्वतःच बनवायचा. फ्रँक लॉइड राइट या आर्किटेक्टकडे टॅलिएसिनला, म्हणजे त्याच्या घर-स्टुडिओत, जाऊन काही महिन्यांत परत आला, जमलं नाही. मग लॉस एंजेलिसला एका औषधाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत छापखाना टाकला नि तिथे खिळ्यांशी, म्हणजे छपाईच्या धातूच्या सुट्या अक्षरांशी, खेळत बसला. पुढे न्यू डिरेक्शन्स नावाच्या प्रकाशनासाठी १९४१ पासून दहा-अकरा वर्षं मुखपृष्ठं केली, तीच लोकांना माहीत असतात. शिवाय मासिकं, लेटरहेडं, कापडाची डिझाइनं, दुकानांचे इंटिरियर, बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलाची पाटी, आणि हसू नका, १९४५ मध्ये एक छोटं हेलिकॉप्टरसुद्धा.

बाकीचं चहा पिऊन लिहिते.

कोकणी_मेवा
वा ताई, मस्त धागा. वाचतोय. हेलिकॉप्टर उडलं का पण?

अर्धविराम
मी डिझाइनचा विद्यार्थी, आम्हाला लस्टिग एका स्लाइडमध्ये उरकला होता, पॉल रँडच्या आधी की नंतर ते पण आठवत नाही 😅 न्यू डिरेक्शन्सची मुखपृष्ठं नेटवर पाहिलीत पण खरा कागद बघायची मजा वेगळी असणार. रंग कसे दिसतात प्रत्यक्षात? स्क्रीनवर एकदम चकचकीत वाटतात.

शाईचे_डाग
@अर्धविराम चकचकीत अजिबात नाहीत. मॅट, शाई कागदात मुरलेली, दोन किंवा तीन रंग, त्यात एक बहुतेक वेळा काळा. लॉफलिन, म्हणजे न्यू डिरेक्शन्सचा मालक, पोलादवाल्यांच्या घरातला असला तरी कवितेच्या पुस्तकावर उधळायला पैसे नव्हते. रँबो या फ्रेंच कवीच्या 'अ सीझन इन हेल'चं वेष्टण बघितलं, १९४५ चं. लाल-काळं-पांढरं, मधे दोन आकार, एक उजेडाचा एक अंधाराचा, हाडं म्हणा, अमिबा म्हणा. माणूस नाही, नरक नाही, ज्वाळा नाहीत. स्वेव्होच्या कादंबरीला मात्र जळता चेहरा दिलाय, तो पण फोटोतला चेहरा नव्हे, आगीसारख्या रेषांचा.

आणि लॉर्का या स्पॅनिश कवीच्या नाटकांचं तर मी टेबलावर ठेवून अर्धा तास बघत बसले. पाच काळे-पांढरे फोटो जोडलेले, लॉर्काचं नाव वाळूत लिहिलंय नि त्याचा फोटो काढलाय. वेगळं अक्षर बसवलंच नाही. आमच्या स्टुडिओत असं कोणी सुचवलं असतं तर अकाउंटवाला म्हणाला असता, चौपाटीवर जायचा टॅक्सीखर्च कोण देणार.

@कोकणी_मेवा हेलिकॉप्टरचे फोटो पाहिले, उडण्याचं विचारलं नाही, पेन्सिलीनं काय काय लिहू 😀

सदू_पुणेकर
हे सगळं ठीक आहे हो पण मला एक कळत नाही. मुखपृष्ठावर वर्तुळं नि अमिबा काढले की वाचकाला काय कळणार आत काय आहे? हे प्रकार समीक्षकांना आवडतात, गिऱ्हाईक हात लावत नाही. आपल्याकडे पण मधे असली मुखपृष्ठं यायची, रंगाचे फटकारे मारलेली, दहा पुस्तकं शेजारी ठेवली तर कुठलं कुठलं ते कळायचं नाही.

अर्धविराम
@सदू_पुणेकर काका इथे उलटं झालेलं ना पण. न्यू डिरेक्शन्सच्या त्या स्वस्त मालिकेचा, न्यू क्लासिक्सचा, खप लस्टिगची वेष्टणं लागल्यावर तिप्पट झाला असं लॉफलिननंच लिहून ठेवलंय.

रेषाविशेष
हो, आणि त्याच लॉफलिनचं म्हणणं मजेशीर आहे. लोकांनी पुस्तक डोळ्यांनी बघून विकत घ्यावं ही काही चांगली गोष्ट नाही, फार वाईट गोष्ट आहे, पण घेतातच तसं, तर मग लस्टिगचं वेष्टण असलेलं बरं, अशा अर्थाचं. प्रकाशक इतकं खरं बोलतो म्हणजे कौतुकच. दुसरं तो सांगतो की लस्टिग आधी पुस्तक वाचायचा. वाचून लेखक कशानं पेटलाय ते पकडायचा नि मग ते स्वतःच्या आकारांत मांडायचा. म्हणून कथेतला प्रसंग तिथे सापडत नाही. पॉल क्ले, मिरो वगैरे मंडळी बघून बघून त्याचे डोळे तयार झालेले.

सदूकाकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही पण. मालिकेतली सगळी वेष्टणं एकाच माणसाची, त्यामुळे दुकानात ती ओळीनं लावली की प्रकाशनच ओळखू यायचं. सुटं एखादं पुस्तक असतं तर कदाचित हरवलं असतं.

सदू_पुणेकर
तिप्पट म्हणजे तीनशेची नऊशे का? असो. मान्य.

ट्रेडलवाला
ताई, औषधाच्या दुकानामागचा छापखाना यावर जरा जास्त लिहा ना. माझे वडील नारायण पेठेत ट्रेडल (खिळ्यांनी छापायचं छोटं यंत्र) चालवायचे, मी शाळेत असताना सुट्टीत खिळे पाडायला बसायचो (नव्या लोकांसाठी: छापून झाल्यावर मजकूर सोडवून एकेक अक्षर परत आपापल्या खणात टाकायचं, याला खिळे पाडणं म्हणायचे, आणि चुकीच्या खणात टाकलं की पुढच्या लग्नपत्रिकेत 'वधू'चा 'मधू' व्हायचा).

शाईचे_डाग
@ट्रेडलवाला तुमचीच आठवण यावी असं ते प्रकरण आहे. १९३६-३७ च्या सुमाराची गोष्ट. त्याच्याकडे धड टाइपही फारसा नव्हता, मग केसमधले (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतले) जे शोभेचे तुकडे असतात, रूल, बॉर्डरचे गोल, चौकोन, त्रिकोण, ठिपके, ते घेऊन तो अक्षरांसारखी जुळणी करायचा. अक्षर एकही नाही, पण पान भरलेलं. लांबून बघितलं तर एखाद्या इमारतीचा नकाशा वाटतो, राइटकडचे महिने अगदीच फुकट गेले नाहीत म्हणायचे. १९४० साली वॉर्ड रिची प्रेसनं काढलेल्या 'घोस्ट इन द अंडरब्लोज' नावाच्या एका लांबलचक कवितेच्या पुस्तकात अशा जुळण्या आहेत. जवळून बघितलं की तुकड्यांच्या सांध्यात केसाएवढी फट दिसते, तिथे शाई लागलेली नाही. मला ती फट फार आवडली. कॉम्प्युटरवर हेच केलं तर फट येणारच नाही.

ट्रेडलवाला
अहो ती फट!! वडील त्याला 'दात दिसतायत' म्हणायचे. बॉर्डर जुळवताना कोपऱ्यात दात दिसले की पातळ कागदाची पट्टी सारायची नि फर्मा (जुळणी आवळून बसवलेली चौकट) परत आवळायचा.

शाईचे_डाग
आता ज्यासाठी धागा काढला ते.

१९५० नंतर त्याचे डोळे जायला लागले. १९५४ पर्यंत जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. ऑफिस न्यूयॉर्कला, कामं येतायत, आणि तो सांगायचा, बायको इलेन आणि असिस्टंट करायचे. कसं सांगायचा तर इतके पायका (छपाईतलं माप) खाली, तिथून इतके पायका उजवीकडे, आणि रंग सांगायला घरातली वस्तू. आपल्या अमुक खुर्चीचा रंग, सोफ्याचा रंग.

इलेन त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. लग्न १९४८ चं, ती तेव्हा एकवीस. चित्रकला शिकवायचं शिक्षण झालेलं. ऑफिसात ती पेस्ट-अप, म्हणजे कापून चिकटवायचं काम, करायची. तिनंच नंतर सांगितलंय की त्या ऑफिसात डिझाइन फक्त आल्विन करायचा, बाकी सगळे त्याचं काम पुरं करायचे, आणि डिझाइन शिकवायला तिला कोणी बसवलं नव्हतं.

मंडळी, हे मी ओळखते. तेच आमचं काम. सगळी अॅन्युअलं (वर्षातल्या उत्तम कामांची पुस्तकं) चाळा, फिनिशिंग आर्टिस्टचं नाव मला दाखवा.

अर्धविराम
पण ताई, कल्पना त्याची, निर्णय त्याचे. आर्किटेक्ट वीट रचत नाही तरी घर त्याचंच म्हणतात ना. तो पायकात सांगत होता म्हणजे त्याच्या डोक्यात ते पूर्ण तयार होतं.

शाईचे_डाग
@अर्धविराम बरोबर आहे रे, भांडत नाहीये. पण सोफ्याचा विचार कर. सोफा त्यानं केव्हा तरी पाहिला, डोळे होते तेव्हा. इलेन तो रोज बघतेय. उन्हानं सोफ्याचा रंग उडतो, बसायच्या जागी मळतो, दिव्यात वेगळा दिसतो. तो म्हणतोय 'सोफ्यासारखा', ती शाईवाल्याला काय सांगणार? त्याच्या आठवणीतला सोफा की हा समोरचा? कोणी तरी ठरवलंच असणार ना, आणि ठरवणारी बाई म्हणतेय मी डिझाइन करत नव्हते.

मला आमचे एक आर्ट डायरेक्टर 'तो आपला नेहमीचा निळा' म्हणायचे. पंचवीस निळे होते. मी एक लावायचे, ते म्हणायचे हां, हाच.

भटकभवानी
ताई 🙏 हा प्रतिसाद फ्रेम करून लावला पाहिजे.

ट्रेडलवाला
एक सुचलं ते लिहितो, चूक असेल तर झोडा. एका इंचात सहा पायका, एका पायकात बारा पॉइंट. आम्हा छापखान्याच्या पोरांना हे पाढ्यासारखं पाठ, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोटांना माहीत असतं. वडील अंधारात, लोडशेडिंगमध्ये, बारा पॉइंटचा क्वाड (मोकळी जागा भरायचा धातूचा तुकडा) आणि दहाचा हाताला लागला की सांगायचे. लस्टिगची सुरुवातच धातूच्या तुकड्यांनी झाली, पेन्सिलीनं नव्हे. कागदाची लांबीरुंदी त्याच्या बोटांत आधीपासून होती असं असेल तर आंधळेपणी पायकात बोलणं त्याला काही अचाट वाटलं नसेल. चित्रकार असता तर अडला असता.

रेषाविशेष
@ट्रेडलवाला हे पटतंय. आणि त्याला जोडून, शेवटच्या वर्षांतली मेरिडियन बुक्सची मुखपृष्ठं बघा. आर्थर कोहेन नावाच्या तरुण प्रकाशकानं काढलेली तत्त्वज्ञान-समीक्षेची पेपरबॅक पुस्तकं. तिथे चित्रच नाही, फक्त अक्षरं, एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातींतले ठोकळे टाइप, एका रंगाच्या सपाट पट्ट्यावर. 'दिसत नव्हतं म्हणून अक्षरांवर आला' अशी एक हळवी गोष्ट लोक सांगतात, पण अक्षरांची मुखपृष्ठं त्यानं कोहेनच्याच आधीच्या प्रकाशनासाठी, नूनडेसाठी, १९५१ पासून सुरू केलेली, तेव्हा डोळे बऱ्यापैकी होते. स्वस्त पेपरबॅकला छपाई सोपी हवी हेही कारण असणारच. हळव्या गोष्टी जपून सांगाव्या.

कोकणी_मेवा
एवढ्या आजारपणात शिकवायला पण जायचा का? कुठे तरी वाचलेलं.

रेषाविशेष
हो. ब्लॅक माउंटन कॉलेजात १९४५ च्या उन्हाळ्यात, आणि १९५१ पासून येलला, तिथे जोसेफ आल्बर्स या चित्रकारानं ग्राफिक डिझाइनचा अभ्यासक्रम उभा करायला त्याला बोलावलेलं. आणि गंमत बघा, ग्राफिक डिझायनर, इंडस्ट्रियल डिझायनर असल्या पाट्या त्याला घशात अडकल्यासारख्या वाटायच्या. म्हणून हेलिकॉप्टर.

सदू_पुणेकर
तो गेल्यावर बाईंचं काय झालं?

शाईचे_डाग
@सदू_पुणेकर तेच सांगायचं राहिलेलं, बरं केलंत विचारलंत.

फिलिप जॉन्सन हा आर्किटेक्ट त्यांचा क्लायंट. न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगच्या पाट्या-अक्षरांचं काम लस्टिगकडे होतं. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत जॉन्सनचा इलेनला फोन, की ते काम तूच करायचंस. कोहेनही म्हणाला, राहिलेली मुखपृष्ठं तू कर. वय अठ्ठावीस. केलं तिनं. पुढे मेरिडियनची, न्यू डिरेक्शन्सची मुखपृष्ठं, ज्यूइश म्युझियमचे कॅटलॉग, सगळं स्वतःच्या नावानं. त्या कोहेनशीच १९५६ मध्ये लग्न झालं. पुढे पूर्णवेळ चित्रकार झाली, आणि १९७३ मध्ये दोघांनी एक्स लिब्रिस नावाचं जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, रशियन, डच, बाउहाउसवाल्यांची पोस्टरं, पत्रकं, असला माल.

हे दुकान महत्त्वाचं आहे बरं का. बाकी कोणाच्या घरी नवऱ्याची जुनी लेटरहेडं नि प्रूफं माळ्यावरून रद्दीत गेली असती. पण हिचा धंदाच कागदाचा, कुठला चिटोरा पुढे किती मोलाचा ठरतो ते हिला कळत होतं. लस्टिगचं सगळं तिनं राखलं आणि १९८० च्या दशकात इथे दिलं. इथले प्राध्यापक रॉजर रेमिंग्टन तेव्हा अशा डिझायनरांच्या घरच्यांकडे जाऊन खोकी मिळवत होते. रोचेस्टर हे कोडॅकचं गाव, छपाईचं शिक्षण इथे जुनं, त्यामुळे इथल्या लायब्ररीला हा कागद परका नव्हता.

अमेरिकेतलं त्यांच्या धंद्यातलं मोठं पदक, एआयजीए या डिझायनरांच्या संघटनेचं, आल्विनला मरणोत्तर १९९३ मध्ये मिळालं. इलेनला २०११ मध्ये, ती चौऱ्याऐंशीची असताना. २०१६ मध्ये गेली.

भटकभवानी
अठरा वर्षं मधे. बरं.

अर्धविराम
मी माझा वरचा प्रतिसाद खोडत नाही पण 'कल्पना त्याची म्हणजे घर त्याचं' हे इतकं सोपं नाही हे मान्य. आता मला तिची मुखपृष्ठं शेजारी ठेवून बघायचीत.

विषय जरा इकडे आणू का? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ सालचा, म्हणजे लस्टिग औषधाच्या दुकानामागे बसायच्या आधीचा. दीनानाथ दलालांचा 'दीपावली' अंक १९४५ चा, रँबोच्या त्या वेष्टणाच्याच वर्षीचा. कलकत्त्यात सिग्नेट प्रेससाठी सत्यजित राय मुखपृष्ठं करत होते तो काळही हाच. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फॉन्टात आपण मराठी टाइप केलं त्याचे र. कृ. जोशी पुढच्याच पिढीचे. हे सगळे तोडीस तोड लोक. आपल्याकडे खोकी कुठायत?

सदू_पुणेकर
दलालांचे अंक माझ्या आईनं जपलेत, वाळवीनं अर्धे खाल्ले. ते म्हणजे आमचं खोकं. आणि दलालांचं मुखपृष्ठ बघून आत काय आहे ते कळायचं, हे पुन्हा एकदा नम्रपणे नमूद करतो.

रेषाविशेष
😂 सदूकाका सोडणार नाहीत.

@अर्धविराम खासगी संग्रहात आहे थोडंफार, काही चित्रकारांच्या कुटुंबांनी जपलंय, प्रदर्शनंही झालीत. पण छापलेला अंक असणं आणि मूळ चित्र, त्यावरच्या सूचना, नाकारलेली तीन स्केचं, प्रकाशकाचं पत्र असं सगळं असणं यात फरक आहे. अंकावरून चित्रकार दिसतो. तो कसा पोचला तिथपर्यंत ते नाही दिसत.

ट्रेडलवाला
मूळ चित्रं कुठे गेली ते मी सांगतो, निदान आमच्या गल्लीपुरतं. चित्रकार चित्र प्रकाशकाला द्यायचा, प्रकाशक ब्लॉकमेकरला, तो त्याचा जस्ताचा ब्लॉक करून लाकडावर ठोकून द्यायचा, ब्लॉक आमच्याकडे यायचा. छापून झाल्यावर ब्लॉक न्यायला प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीपर्यंत फिरकायचा नाही आणि चित्र ब्लॉकमेकरकडेच, त्याच्याकडे जागा किती, पावसाळा आला की गेलं. चित्रकार परत मागायचा नाही, मागितलं तर 'बघतो' म्हणायचे. एका प्रकाशकाचे (नाव घेत नाही) पोतंभर ब्लॉक आमच्याकडे पडून होते, वडिलांनी तीन वेळा निरोप पाठवला, मग ऑफसेट आलं, १९८८ साली ट्रेडल विकलं तेव्हा ब्लॉकही भंगारात गेले. जस्ताचा भाव वेगळा, लाकूड उचकटून बाजूला. मी स्वतः लाकडं उचकटलीयत. वय पंधरा. लाकडं आईनं बंबात घातली.

शाईचे_डाग
काय बोलू. आमच्याकडे आर्टवर्क दर दोन वर्षांनी 'गोडाऊन साफ करा' म्हणून जायचं. मी एकही घरी आणलं नाही. आपलं कुठे होतं ते, असं वाटायचं.

भटकभवानी
@ट्रेडलवाला एकही राहिला नाही?

ट्रेडलवाला
एक आहे. वडील टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवायचे, म्हणून वाचला. कथासंग्रहाचं मुखपृष्ठ असावं, बाई कंदील धरून उभी, मागे दार. अक्षरं वेगळी जुळवायचे त्यामुळे नाव नाही पुस्तकाचं. आज रविवारच आहे, थांबा, पॉलिशनं घासतो.

ट्रेडलवाला
घासला. स्टॅम्प पॅडची शाई लावून वहीच्या कागदावर दाबला, फोटो चिकटवतोय. चमच्याच्या मागच्या बाजूनं घासून काढलाय म्हणून डावीकडे फिका आलाय. खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे पण ब्लॉकमेकरनं कड तासताना अर्धी गेलीय, शेवटचं अक्षर 'र' किंवा 'स' वाटतं. कोणाला ओळखू येतेय का बघा.

रेषाविशेष
कंदिलाच्या उजेडाच्या रेषा तुटक काढल्यात, सलग नाहीत. मला एक नाव सुचतंय पण खात्री नाही म्हणून लिहीत नाही. फोटो जरा सरळ वरून काढाल का, उन्हात?

शाईचे_डाग
आणि पट्टी शेजारी ठेवून काढा. पायकाची असली तर पायकाचीच. आणि घासू नका हो आता जास्त.